डेनालीत बसमधून वन्यप्राणी पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलास्काची सहल ठरली की डेनालीचं नाव निघतंच. उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत आलेले आईबाबा, सिएटलहून चार दिवसांची सुट्टी काढून निघालेलं जोडपं, जहाजाच्या सहलीला जोडून दोन रात्री डेनालीत काढणारे मुंबई-पुण्याचे गट, सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. प्राणी दिसतील का? स्वतःची गाडी का नेता येत नाही? इतके तास बसमध्ये बसून करायचं काय? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

डेनाली नॅशनल पार्क नेमकं कुठे आहे?

अँकरेजच्या उत्तरेला सुमारे ३८५ किलोमीटर आणि फेअरबँक्सच्या दक्षिणेला सुमारे १९५ किलोमीटर. गाडीने अँकरेजहून चार-पाच तास लागतात, फेअरबँक्सहून दोन-अडीच. अँकरेजहून अलास्का रेलरोडची गाडीही थेट पार्कच्या दाराशी आणून सोडते. तिला सात-आठ तास लागतात, पण वेळ असेल तर जरूर तिनेच जा.

पार्क आणि त्याला जोडलेलं राखीव क्षेत्र मिळून सुमारे ६० लाख एकर, म्हणजे २४,००० चौरस किलोमीटरहून अधिक जागा आहे. आपला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर १७,००० चौरस किलोमीटरचा. एवढ्या मुलखात गाडीरस्ता एकच, साधारण १४८ किलोमीटरचा, आणि त्यातला बहुतेक खडीचा.

नावाबद्दलही विचारणा होते. पार्क १९१७ मध्ये ‘माउंट मॅकिन्ली’ या नावाने सुरू झालं, १९८० मध्ये त्याचा विस्तार झाला आणि नाव डेनाली झालं. पार्कमधल्या सर्वोच्च शिखराचं सरकारी नाव २०१५ मध्ये डेनाली आणि २०२५ मध्ये पुन्हा मॅकिन्ली झालं. पार्कचं नाव मात्र डेनालीच आहे, तेव्हा बुकिंग करताना गोंधळू नका.

स्वतःची गाडी का नेता येत नाही?

नेता येते, पण सॅव्हेज नदीपर्यंतच. तिथपर्यंत पहिले २४ किलोमीटर डांबरी रस्ता आहे. त्यापुढे पार्कच्या बस.

हा निर्णय १९७२ चा. रस्ता बांधून १९३८ मध्येच पूर्ण झाला होता, पण तिथवर पोचणंच अवघड असल्यामुळे गाड्या फारशा येत नसत. १९७१ मध्ये अँकरेज आणि फेअरबँक्स यांना जोडणारा नवा हायवे तयार झाला आणि तो पार्कच्या दारावरून गेला. आता गाड्यांची रीघ लागणार हे पार्कच्या लोकांना स्पष्ट दिसत होतं. रीघ लागून प्राणी रस्त्यापासून हटले की मग उपाय शोधायचे, असं त्यांनी केलं नाही. पुढच्याच हंगामात त्यांनी खासगी गाड्या अडवल्या आणि बस सुरू केल्या. आज सॅव्हेजच्या पुढे दिवसाला जास्तीत जास्त १६० वाहनांनाच परवानगी आहे, आणि त्यात पार्कच्या कामाची वाहनंही आली.

याचा परिणाम तुम्ही स्वतःच पाहाल. ग्रिझली अस्वल रस्त्याच्या कडेला चरत असतं, बस थांबते, इंजिन बंद होतं, आणि अस्वल मान वर करून एकदा बघून पुन्हा चरायला लागतं. तिथल्या अस्वलांच्या कित्येक पिढ्यांनी बस पाहिली आहे. या बसमधून कोणी उतरून अंगावर येत नाही, कोणी खायला टाकत नाही, कोणी हॉर्न वाजवत नाही. म्हणून ती बस त्यांच्या लेखी निरुपद्रवी आहे. इतर मोठ्या पार्कांत अस्वल दिसलं की रस्त्यावर चाळीस गाड्या उभ्या राहतात, दारं उघडतात, लोक मोबाईल घेऊन धावतात. डेनालीत ते होत नाही ते बसमुळे. बसने जाणं ही तडजोड आहे असं मनात ठेवून जाऊ नका. पन्नास वर्षांपूर्वी हा कडक नियम केला नसता, तर इतक्या जवळून पाहण्यासारखं फार थोडं उरलं असतं.

बस कुठपर्यंत जाते?

ऑगस्ट २०२१ पर्यंत बस पार रस्त्याच्या टोकापर्यंत, कँटिश्नापर्यंत जायच्या. मग रस्त्याच्या मध्यावरचा ‘प्रिटी रॉक्स’ नावाचा उतार घसरायला लागल्यामुळे रस्ता तिथे तोडावा लागला. तेव्हापासून बस ४३ व्या मैलावर, ईस्ट फोर्क नदीच्या पुलाशी वळून परत येतात.

या दरडीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. हा उतार पूर्वीपासून सरकत होता, पण वर्षाला काही इंच. रस्त्याला भेगा पडायच्या, त्या बुजवल्या जायच्या. २०१७ मध्ये तो महिन्याला काही इंच सरकू लागला, २०१८ मध्ये आठवड्याला, २०१९ मध्ये दिवसाला. २०२१ च्या उन्हाळ्यात वेग तासाला ०.६५ इंचांपर्यंत गेला. ट्रकच्या ट्रक खडी ओतूनही रस्ता जागेवर राहीना. डोंगराच्या पोटात हजारो वर्षं गोठून असलेला बर्फ तापमानवाढीने वितळू लागला, हे त्यामागचं कारण. हवामानबदल म्हणजे काय, हे कोणाला एका जागी दाखवायचं असेल तर ही जागा दाखवावी.

दरड ओलांडणाऱ्या पुलाचं काम २०२३ मध्ये सुरू झालं. तुम्ही जाल त्या हंगामात बस कुठवर जातात, हे बुकिंगआधी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. इथली पुढची उत्तरं ४३ व्या मैलापर्यंतच्या प्रवासाला धरून आहेत.

आणि हो, तिथे सगळे मैलातच बोलतात. ‘३७ व्या मैलावर अस्वलं आहेत’ असं ड्रायव्हर एकमेकांना सांगतात. त्यामुळे खाली ठिकाणं सांगताना मैलच ठेवले आहेत.

टूर बस घ्यावी की ट्रान्झिट बस?

टूर बसमध्ये ड्रायव्हर हाच मार्गदर्शक असतो. तो सगळा वेळ माहिती सांगतो आणि प्राणी शोधायला मदत करतो. ‘टुंड्रा वाइल्डरनेस टूर’ ४३ व्या मैलापर्यंत जाऊन साधारण पाच-साडेपाच तासांत परत येते. ‘नॅचरल हिस्टरी टूर’ त्याहून छोटी, टेक्लानिका नदीपर्यंत. टूर बसमधून वाटेत उतरून दुसरी बस पकडता येत नाही.

ट्रान्झिट बस बरीच स्वस्त पडते आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिचं तिकीट लागत नाही. ड्रायव्हर प्राण्यांसाठी थांबतो, थोडंफार बोलतोही, पण ती मार्गदर्शनाची सहल नव्हे. तिचा मोठा फायदा असा की हवं तिथे उतरून टुंड्रात, म्हणजे झाडं नसलेल्या उघड्या मुलखात, चालता येतं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर पुन्हा चढता येतं.

पहिल्यांदाच जात असाल आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर टूर बस घ्या. चालायची आवड असेल तर ट्रान्झिट. दोन दिवस हाताशी असतील तर पहिल्या दिवशी टूर, दुसऱ्या दिवशी ट्रान्झिट. पहिल्या दिवशी शिकलेलं दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतं. सॅव्हेजपर्यंत मोफत शटल बसही आहे, पण तेवढ्यावर भागवू नका. खरा उघडा टुंड्रा त्यापुढे सुरू होतो.

ताडोब्यातल्या सफारीसारखीच असते का?

नाही, आणि हा फरक आधी समजून गेलात तर दिवस चांगला जाईल.

ताडोब्यात आपण कानांवर भिस्त ठेवतो. वानराची खेकसणी, चितळाचा इशारा, मग जिप्सी थांबवून वाट पाहणं. झाडी दाट, नजर पन्नास-शंभर मीटरच्या पुढे पोचत नाही. डेनालीत पहिले काही मैल स्प्रूसचं जंगल आहे. ते संपलं की झाडंच नाहीत. गुडघाभर विलोची झुडपं, त्याखाली शेवाळ आणि दगडफूल, मधून नद्यांचे अनेक धारांत फुटलेले रुंद दगडी पाट, आणि समोर थेट बर्फाचे डोंगर. नजर पाच-दहा किलोमीटर सरळ जाते. प्राणी झाडाआड लपलेला नसतो, अंतरात हरवलेला असतो.

जिप्सीतली माणसं वाघ एके वाघ करत असतात. डेनालीत तसा एकच राजा नाही. पाच मोठे प्राणी लोक मोजतात: मूस (हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी), कॅरिबू, डॉल मेंढी, ग्रिझली आणि लांडगा. पण खूण करायची यादी घेऊन जाऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. चार प्राणी दिसल्यावर पाचव्यासाठी हळहळणारी माणसं दिसलेल्या चारांकडेही नीट बघत नाहीत.

प्राणी दिसतीलच याची खात्री आहे का?

खात्री कोणीच देऊ शकत नाही. मात्र सॅव्हेजच्या पुढे जाणाऱ्या बसमधून काहीच न दिसता परत येणं विरळा. मोठ्या प्राण्यांपैकी दोन-तीन बहुतेकांना दिसतात. किती जवळून दिसतील ते सांगता येत नाही. कधी अस्वल बसच्या चाकाशी, कधी समोरच्या डोंगरावर फिकट ठिपका.

कोणता प्राणी कुठे आणि कसा शोधायचा?

मूस पहिल्या पंधरा मैलांत शोधा, म्हणजे जंगलात आणि त्याच्या कडेच्या विलोच्या झुडपांत. विलो हे त्यांचं मुख्य खाणं. मोठा नर ७०० किलोंपर्यंत भरतो, तरी झुडपांत पूर्ण नाहीसा होतो. गडद तपकिरी, जवळजवळ काळा आडवा आकार दिसतोय का ते पाहा. उन्हाळ्याच्या शेवटी शिंगांवरची मखमली कातडी सोलून लोंबायला लागते आणि नर ती झुडपांवर घासतात. शिंगं रक्ताने लाल झालेली असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जखम वाटते, पण ती दरवर्षीची रीत आहे.

कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रेनडिअर. हरणांच्या सबंध कुळात माद्यांनाही शिंगं असणारी ही एकच जात. उघड्या टुंड्रात आणि नद्यांच्या पाटांत ते दिसतात. जुलैच्या उकाड्यात डोंगरउतारावर उरलेले बर्फाचे पट्टे दुर्बिणीने तपासा. डास आणि गोमाशा चुकवायला कॅरिबू तिथे जाऊन उभे राहतात. पांढऱ्या पट्ट्यावर तपकिरी ठिपके दिसले तर ते बहुधा कॅरिबूच.

डॉल मेंढ्या नेमक्या उलट. हिरव्या-करड्या कड्यांवर पांढरे ठिपके. बर्फाचा तुकडा म्हणून आपण दुर्लक्ष करतो आणि दोन मिनिटांनी तो तुकडा जागा बदलतो. ३० ते ३८ व्या मैलांदरम्यानचा इग्लू खोऱ्याचा भाग त्यांच्यासाठी उत्तम. हे पार्क झालं ते या मेंढ्यांमुळे. चार्ल्स शेल्डन नावाचा शिकारी-निसर्गअभ्यासक १९०७-०८ चा हिवाळा टोक्लाट नदीकाठी राहून त्यांचा अभ्यास करत होता. खाणकामगारांना मांस पुरवण्यासाठी मेंढ्यांचे कळपच्या कळप मारले जात होते, आणि रेल्वेचं काम सुरू झाल्यावर मागणी आणखी वाढणार होती. शेल्डनने वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९१७ मध्ये पार्क झालं. म्हणजे उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच डोंगर इथे उभा असूनही संरक्षणाचं पहिलं कारण तो डोंगर नव्हता, मेंढ्या होत्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

ग्रिझलीसाठी ३९ व्या मैलाजवळची सेबल खिंड. इथे माणसांना रस्ता सोडून चालायला १९५० च्या दशकापासून बंदी आहे, कारण अस्वलांचं खाणं इथे भरपूर. डेनालीच्या अस्वलांचा रंग पुष्कळदा वाळक्या गवतासारखा पिवळट असतो, फक्त पाय गडद. किनाऱ्यावरच्या अस्वलांना सॅमन मासे मिळतात, ती अवाढव्य होतात. डेनालीतल्या अस्वलांचं पोट मुळं, गवत, बेरी यांवर चालतं. सोबत खारी आणि वसंतात मूसची पिल्लं. त्यामुळे अंगाने ती लहान. ऑगस्टमध्ये अस्वल बेरी खाताना दिसलं तर दुर्बीण त्याच्या तोंडावर धरा. एवढा मोठा प्राणी ओठांनी फांदी हळूच ओरबाडतो, फळं तोंडात जातात आणि पानं बरीचशी फांदीवरच राहतात. पंजा जमिनीवर शांत टेकलेला असतो. बसमध्ये पन्नास माणसं असतात आणि खरोखर कोणी बोलत नाही.

लांडगा दिसतो का?

दिसला तर नशीब. पाच मोठ्या प्राण्यांत तो सर्वांत कमी दिसतो. दिसतो तेव्हा अनेकदा रस्त्यावरूनच चालत येतो, कारण झुडपांतून जाण्यापेक्षा रस्त्याने चालणं त्यालाही सोपं. अशा वेळी ड्रायव्हर बस बंद करून त्याला जाऊ देतात.

लांडग्यांचा रानातला पहिला सखोल अभ्यास याच पार्कात झाला. लांडगे मेंढ्या संपवतात, म्हणून त्यांना मारून टाका, अशी ओरड १९३० च्या दशकात होती. पार्क सेवेने १९३९ मध्ये अॅडॉल्फ म्युरी या जीवशास्त्रज्ञाला नेमलं. त्याने मेंढ्यांच्या शेकडो कवट्या गोळा केल्या, शिंगांच्या वलयांवरून वयं काढली आणि दाखवून दिलं की लांडग्यांच्या तोंडी मुख्यतः म्हाताऱ्या, आजारी आणि अगदी लहान मेंढ्या पडतात. ज्या ईस्ट फोर्क नदीवरून तुमची बस वळते, तिच्याच काठी बिळासमोर बसून त्याने लांडग्यांच्या कुटुंबाच्या नोंदी केल्या. पुलाजवळ पोचलात की हे आठवा.

आजची अडचण वेगळी आहे. लांडग्यांना पार्कची हद्द कळत नाही. हिवाळ्यात ते कॅरिबूंच्या मागे ईशान्य सीमेबाहेर जातात आणि तिथे सापळे लावायला कायद्याने परवानगी आहे. सीमेलगत सापळाबंदीचा पट्टा होता, तो राज्याच्या मंडळाने २०१० मध्ये काढला. पुढच्या काही वर्षांत रस्त्यावरून लांडगे दिसण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. प्रजननक्षम मादी मेली की कधीकधी अख्खा कळप विखुरतो. तो पट्टा परत यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

लहान प्राण्यांकडे लक्ष द्यावं का?

नक्की द्या. बहुतेक लोक देत नाहीत आणि बरंच काही चुकवतात.

टुंड्रात जागोजागी दोन पायांवर उभी राहून पाहणारी आर्क्टिक खार हिवाळ्यात सात-आठ महिने झोपते, आणि त्या काळात तिच्या शरीराचं तापमान शून्याखाली, उणे २.९ अंशांपर्यंत जाऊ शकतं. तरी रक्त गोठत नाही. इथला एकमेव उभयचर म्हणजे वुड फ्रॉग हा बेडूक तर हिवाळ्यात चक्क गोठतो, हृदय थांबतं, आणि वसंतात पुन्हा चालू लागतो. बसमधून बेडूक दिसणार नाही, पण टेक्लानिकाजवळच्या तळ्यांकडे पाहताना तो तिथे आहे एवढं माहीत असलं तरी पुष्कळ.

टार्मिगन हा कोंबडीएवढा पक्षी, अलास्काचा राज्यपक्षी. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा. जुलैत पिल्लांना घेऊन तो रस्ता ओलांडतो. आमच्या ड्रायव्हरने एकदा अशा मादीसाठी बस थांबवली. पिल्लं एकेक करून खडीवर आली, शेवटचं मध्येच बसून राहिलं, आई परत येऊन त्याला घेऊन गेली, मगच बस हलली. मागे आणखी दोन बस उभ्या होत्या आणि कोणालाही घाई नव्हती.

आकाशाकडेही पाहत राहा. सोनेरी गरुड इथे मोठ्या संख्येने घरटी करतात. आणि इग्लू भागातून जाताना एक जादा गोष्ट: २००५ मध्ये तिथल्या खडकात डायनासोरच्या तीन बोटांच्या पावलाचा ठसा सापडला. डेनालीतली डायनासोरची ती पहिली खूण.

बसमध्ये कोणत्या बाजूला बसावं?

रस्ता पश्चिमेकडे जातो आणि मुख्य पर्वतरांग दक्षिणेला राहते. म्हणजे जाताना डावीकडे डोंगर, येताना उजवीकडे. प्राण्यांना बाजू नसते. खिडकी मिळाली की झालं, आणि समोरच्या बाजूला काही दिसलं तर तिकडची माणसं जागा करून देतात. तुम्हीही द्या.

प्राणी दिसला तर बस कशी थांबवायची?

मोठ्याने ‘स्टॉप’ म्हणायचं. तिथली तीच पद्धत आहे, संकोच करू नका. मग दिशा घड्याळाच्या आकड्यांत सांगायची: बसचं नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ. ‘तीन वाजता, नदीच्या पलीकडे, मोठ्या दगडाच्या वर’ असं सांगितलं की सगळ्यांना सापडतं. दगड निघाला तरी कोणी रागावत नाही. ड्रायव्हरचं लक्ष अरुंद रस्त्यावर असतं, त्यामुळे अर्धे प्राणी प्रवाशांनाच आधी दिसतात.

बस थांबली की आवाज बंद. हात, डोकं, कॅमेरा खिडकीबाहेर काढायचा नाही. गप्पा हळू आवाजात, फोन सायलेंटवर. आपला गट मोठा असेल तर ही सूचना एकमेकांना आधीच द्या. आनंद झाला की आपले आवाज चढतात, आणि त्या क्षणी बाकीच्यांना अस्वलाचा श्वास ऐकायचा असतो.

खाली उतरता येतं का? अस्वलाची भीती नाही का?

ठरलेल्या थांब्यांवर सगळे उतरतात. ट्रान्झिट बसमधून इतरत्रही उतरता येतं, पण प्राणी जवळ असताना किंवा बंदी असलेल्या भागात नाही. पायी असताना अस्वलापासून किमान ३०० यार्ड, म्हणजे साधारण पावणेतीनशे मीटर दूर राहायचं. मूस, कॅरिबू यांच्यापासून २५ यार्ड. मूसची मादी पिल्लासोबत असेल तर त्याहून कितीतरी जास्त अंतर ठेवा.

पार्कच्या इतिहासात अस्वलाने माणूस मारल्याची पहिली घटना २०१२ मध्ये घडली, तीही एकटा पदयात्री नियमापेक्षा खूप जवळून बराच वेळ फोटो काढत राहिल्यानंतर. म्हणजे पार्क सुरू झाल्यापासून पंचाण्णव वर्षं असं एकदाही घडलं नव्हतं. नियम पाळणाऱ्याने घाबरायचं कारण नाही.

‘डोंगर’ दिसतो का?

‘डोंगर’ म्हणजे डेनाली किंवा मॅकिन्ली शिखर. ६,१९० मीटर उंचीचं हे उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर. १९१३ मध्ये त्याच्या मुख्य शिखरावर पहिलं पाऊल ठेवलं ते वॉल्टर हार्पर या अलास्काच्याच आदिवासी मुलाने, वय वीस. पण शिखर आपले ढग स्वतःच तयार करतं, आणि उन्हाळ्यात येणाऱ्यांपैकी साधारण तीन जणांत एकालाच ते दिसतं. ४३ व्या मैलापर्यंतच्या रस्त्यावर ते काही ठिकाणांहूनच दिसतं, नवव्या मैलाच्या आसपास पहिल्यांदा. हवा चांगली असेल तर तिथे झोपू नका.

कोणता महिना चांगला?

बस साधारण २० मेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतात. मेअखेर-जूनमध्ये पिल्लं दिसतात आणि रात्र जवळजवळ होतच नाही. जून-जुलैत डास भरपूर. ऑगस्टमध्ये बेरी, आणि म्हणून अस्वलं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून टुंड्रा लाल-पिवळा होतो, डास जवळपास संपतात, मूसचे नर उघड्यावर येतात. माझं मत विचाराल तर हाच काळ. थंडी मात्र खरी असते, आणि बर्फ कोणत्याही महिन्यात पडू शकतो. थरांचे कपडे, कानटोपी आणि पावसाचं जाकीट जूनमध्येही सोबत ठेवा.

बुकिंग आदल्या वर्षीच्या डिसेंबरपासून सुरू होतं. सकाळच्या बस लवकर भरतात.

दुर्बीण हवीच का? मोबाईलवर फोटो येतील का?

दुर्बीण हवीच. ८×४२ किंवा १०×४२, आणि शक्यतो दोघांत एक नको, प्रत्येकाला एक. उसनी आणा, भाड्याने घ्या, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. इथल्या अंतरांत दुर्बिणीशिवाय मेंढी म्हणजे फक्त ठिपका.

मोबाईलवर दूरचे प्राणी येत नाहीत. काही टूर बसमध्ये ड्रायव्हर कॅमेऱ्याने प्राणी जवळ आणून पडद्यावर दाखवतात, त्याचा उपयोग प्राणी कुठे आहे ते कळण्यापुरता करा आणि मग दुर्बीण लावा. मोठी लेन्स असेल तर खिडकीच्या चौकटीवर टेकवायला छोटी कापडी उशी न्या.

खाण्यापिण्याचं काय? शाकाहारी मिळतं का?

दारापुढे आत काहीही विकत मिळत नाही, चहासुद्धा नाही. टूर बसमध्ये खाऊचा डबा देतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच विचारा, आणि तरी स्वतःचं न्याच. ठेपले, दशम्या, चटणी-पोळीचा रोल उत्तम. पाणी भरपूर.

एक कळकळीची विनंती. प्राणी जवळ असताना डबे उघडू नका, आणि चिवड्याचा एक दाणाही खिडकीतून किंवा थांब्यावर खाली पडू देऊ नका. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुढे माणसांकडे येतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

आईबाबा पंचाहत्तरीचे आहेत. लहान मुलंही आहेत. झेपेल का?

झेपेल. साधारण तासा-दीड तासाने स्वच्छतागृहाचा थांबा असतो. बसच्या पायऱ्या उंच आहेत, ड्रायव्हर मदत करतो. चाकाच्या खुर्चीसाठी सोय असलेल्या बस आहेत, त्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. रस्ता खडीचा असल्याने धक्के बसतात, तेव्हा पाठीचा त्रास असणाऱ्यांनी मधल्या रांगांत बसावं. पुढच्या भागात काही वळणांवर कठडा नाही. उंचीची धास्ती असेल तर जाताना उजवीकडे बसा.

लहान मुलांसाठी कार सीट तुम्हालाच न्यावी लागते. अगदी छोट्यांना पाच तास जड जातात, त्यांच्यासाठी छोटी टूर किंवा सॅव्हेजचं शटल बरं. दुपारी पार्कच्या कुत्र्यांचं केंद्र दाखवा. १९२० च्या दशकापासून इथले रेंजर हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाडीवरूनच गस्त घालतात, आणि उन्हाळ्यात त्याचं प्रात्यक्षिक मोफत असतं.

पूल होऊन पूर्ण रस्ता उघडेपर्यंत थांबावं का?

डोंगर जवळून पाहायचा असेल, वंडर लेकच्या पाण्यात त्याचं प्रतिबिंब पाहायचं असेल, तर थांबा. ती ठिकाणं दरडीच्या पलीकडे आहेत. प्राण्यांसाठी जायचं असेल तर थांबू नका. इग्लू खोरं, सेबल खिंड, टेक्लानिकाचा पाट, हे सगळं अलीकडेच आहे. शिवाय पूर्वी टोकापर्यंत जाऊन यायला अख्खा दिवस जायचा आणि परतताना अर्धी बस पेंगलेली असायची. आता पाच तासांत तोच सर्वांत समृद्ध भाग जाताना एकदा आणि येताना एकदा दिसतो, आणि तासाभरापूर्वी जिथे मेंढ्या होत्या त्या कड्याखाली परतताना अस्वल उभं असू शकतं.